जीजींचा तांबडा राळा

११ ऑक्टोबर १९९७, दसरा

जीजी तयार झाल्या! दोन वर्षं आम्ही मागे लागलोय — डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, मोतीबिंदू पिकलाय, एक दिवस चुलीत हात घालाल. पण ऐकतील त्या माझ्या सासूबाई कसल्या. ‘दिसतंय तेवढं लई झालं.’ आणि आज घट उठला, सोनं वाटून झालं, पानावर बसल्या-बसल्या स्वतःच म्हणाल्या, ‘राधाकृष्णा, नगरला डोळ्याचं शिबिर हाय म्हनत हुतास ना? नाव घाल माझं.’ ह्यांचा घास हातातच राहिला. मी मुकाट्याने जीजींच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. जास्त बोलले असते तर बेत फिरवला असता.

घट मात्र यंदा त्यांनी कोणाला दाखवला नाही. एरवी बायकांना हाताला धरून आणतात — बघ गहू कसा आलाय, बघ जोंधळा. घटात ज्याचं धान जोमात, त्याचं बी चांगलं, हा त्यांचा जन्माचा हिशोब. यंदा घट कोपऱ्यात सरकवलेला आणि पुढे जुनं लुगडं आडवं. वयाबरोबर सोवळं वाढलं असेल. असो. ऑपरेशनला हो म्हणाल्या, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

२३ नोव्हेंबर

अंगणवाडी सुटल्यावर घरी आले तर दारात फटफटी. विद्यापीठातले महेंद्र म्हणून कोणी आलेले. जुनं बियाणं गोळा करत गावोगाव फिरतात. माणूस साधा, ओट्यावर मांडी घालून बसला होता. ‘मुक्ताबाईंकडे तांबडा राळा आहे असं कळलं.’ मुक्ताबाई म्हणजे आमच्या जीजी.

मला हसूच आलं. राळा! मोहरीएवढा दाणा, कांडून भात करायचा, तोही वर्षातून एकदा, भोगीला. तेवढ्यासाठी पूर्वी प्रत्येक घरी बांधाकडेला चार ओळी असायच्या. आता संकरित बाजरी आली, दुकानात तांदूळ आला, राळा कोण पेरतो? एक आमच्या जीजी. लग्न होऊन खर्ड्याहून आल्या तेव्हा ओटीत आणला होता म्हणतात. मुरमाड जमिनीत दोन पावसांवर येतो. यंदा मात्र मृग कोरडा गेला, म्हणून तोही पेरला नाही. मागच्या सालचं बी आहे मडक्यात.

मी विचारलं, आमच्या राळ्याचं तुम्हाला काय काम? तर म्हणाले, ‘ताई, दिल्लीला थंड कोठार झालंय. तिथे बी पन्नास-पन्नास वर्षं जिवंत राहतं. उद्या पाऊस आणखी हटला, नवा रोग आला, तर पुढच्या लोकांना नवीन वाण करायला असलंच जुनं बी लागणार. अख्खी पाथर्डी पालथी घातली, जामखेड पाहिलं. पिवळा राळा दोन ठिकाणी मिळाला. तांबडा कुठेच नाही.’

कुठेच नाही म्हटल्यावर मी जीजींकडे पाहिलं. वाटलं, आता फुगतील. तर म्हणाल्या, ‘संक्रांतीनंतर या. डोळं होऊ द्या माझं.’

ओंजळभर बी द्यायला डोळे कशाला लागतात? मडकं आत उतरंडीत आहे, मी काढून दिलं असतं. तसं बोलले तर म्हणाल्या, ‘पुष्पा, तू मधी पडू नको.’ परक्या माणसापुढे! तो गेल्यावर मी भांडी जरा जोरातच आपटली.

९ जानेवारी १९९८

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले छान झालंय. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, शिंकायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. महिनाभर नणंदेकडे नगरलाच राहतील. मी चार दिवस सोबत. देवाच्या कृपेने सगळं सुरळीत! आज पोटभर जेवले.

१३ जानेवारी, भोगी

काय लिहू.

दुपारच्या गाडीने नगरहून आले. दारात रांगोळी. घरात तिळाची बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी, सगळं तयार. मोनिका — माझ्या करणची बायको, वैशाखात लग्न झालं, सासरचा पहिलाच सण — नाकाच्या शेंड्यावर घाम घेऊन उभी. ‘आत्या, हात धुवा, पान वाढते.’ मला इतकं बरं वाटलं! वाटलं, सून मिळाली खरी.

पानात राळ्याचा भात. भूक अशी होती की दोन घास गेले तेव्हा कळलं. जरा कुबट वास येत होता, पण पहिल्या सणाला कोण नावं ठेवतं. तिसऱ्या घासाला विचारलं, राळा कुठला?

‘उतरंडीतला. कालपासून कांडत हुते. सगळा मिळून एवढाच भात झाला.’

सगळा.

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कांडलेला राळा म्हणजे साल गेलेला दाणा, मातीत टाकला तर कुजेल, उगवायचा नाही. खर्ड्याहून आलेलं, साठ वर्षं जपलेलं बी आम्ही दुपारच्या जेवणात खाऊन बसलो. हे मधे पडले, ‘अगं, तिला काय माहीत?’ मोनिका कोल्हारकडची, बागायतातली. तिकडे ऊस नि ऊस. तिने राळा पाहिला तो इथेच. आईने निघताना सांगितलं होतं म्हणे, सासरी भोगीला राळ्याचा भात लागतो, विसरू नकोस. न खाई भोगी तो सदा रोगी.

शेवटी ती इतकंच बोलली, ‘आत्या, तुमीच सांगितलं हुतं. लिंपलेलं मडकं बियाचं, त्याला हात न्हाई लावायचा. फडकं बांधलेलं खायाचं. त्याला फडकं हुतं.’

खरंच सांगितलं होतं. आमच्या घरची रीत ती. बियाच्या मडक्याचं तोंड शेणमातीने लिंपायचं, ते पेरणीलाच फोडायचं. मी जाऊन मडकं पाहिलं. काठाला जुनं लिंपण चिकटलेलं होतं, वर फडकं. लिंपण फोडलं कोणी? हे म्हणतात मी नाही. करण म्हणतो मी नाही. उंदीर काय फडकं बांधून जातो?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणतात. मोनिकाशी एक शब्द बोलले नाही. तीही नाही.

१६ जानेवारी

आज बोलले. तिने काल रात्री जेवण केलं नव्हतं हे करणने सांगितलं. म्हटलं, ऊठ, पोरी, दोष तुझा नाही, रीत बरोबर पाळलीस तू. तर ओक्साबोक्शी रडली. ‘जीजींना काय सांगायचं?’ तोच तर प्रश्न आहे. म्हातारीच्या डोळ्याला पट्टी, डॉक्टर म्हणतात डोळ्यात पाणी येता कामा नये. आणि मी हे सांगू?

गावात फिरून आले. अंगणवाडीच्या निमित्ताने प्रत्येक घरात जाता येतं तेवढं बरं. राळा आहे का? जो तो हसतो. ‘राळा? आता कोन पेरतंय बाई.’ जीजींनी किती जणींना दिला होता! त्यांचा नेमच आहे, बी मागायला आलेलीला परत पाठवायचं नाही. पण घेतलेल्या बायका एक तर वर गेल्या, नाही तर त्यांच्या सुनांनी भोगीला कांडून खाल्ला आणि पुन्हा पेरला नाही. थोडक्यात काय, आम्ही एकटे शहाणे नाही.

१८ जानेवारी

काडेपेटी आणायला काकासाहेबांच्या दुकानात गेले होते. सहज राळ्याचं काढलं. ते म्हणाले, ‘राळ्याचं नाव काढू नका. ती यशोधरा गेल्या साली मटकी घेऊन आली इकायला, निम्मी मटकी आन् निम्मा राळा! म्हनलं, बाई, चाळून आन आधी.’

मी काडेपेटी तिथेच विसरले.

यशोधरा म्हणजे भीमनगरातल्या भागिरथीबाईंची सून. भागिरथीबाई आता नाहीत, पण जीजींचं आणि त्यांचं मोठं सख्य होतं, दोघी मिळून खुरपायला जायच्या. त्यांच्याकडे मटकीचं बी राळ्यात पुरून ठेवत. बारीक दाणे फटीफटीत बसतात, भुंग्याला हलायला जागा राहत नाही. जीजींनी त्यासाठी राळा दिला असणार. पेरायला दिलाच नव्हता, म्हणून माझ्या लक्षात आला नाही!

घराला कुलूप. यशोधरा आणि तिचा नवरा जालिंदर दसऱ्यानंतरच ऊस तोडायला गेलेत. टोळी कुठे आहे विचारलं — कोल्हारच्या अंगाला. हात हलवत परत आले.

२० जानेवारी

पहाटेच्या जीपने पाथर्डी, तिथून नगर, तिथून मनमाडची गाडी. मोनिका येतेच म्हणाली. कोल्हारला उतरल्यावर म्हटलं, तुझं माहेर इथून जवळच, पाणी प्यायला जाऊ. म्हणाली, ‘नगं आत्या. काय तोंडानं जाऊ? मिळालं तर परतताना जाऊ.’

प्रवरेकाठी टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, दिसल्या. यशोधरा फडात मोळ्या बांधत होती. आम्हाला पाहून कोयता टाकून पळतच आली. ‘काय झालं वहिनी? कोन गेलं?’ एवढ्या लांब कोणी चांगल्या बातमीसाठी येत नाही, तिचंही बरोबर आहे. मी सांगितलं, कोणी गेलं नाही, राळा गेलाय. ती बांधावर बसून पोट धरून हसली. मोनिकाला म्हणाली, ‘तू कांडलास व्हय? समदा? आगं, हाताला फोड आलं आसतील.’ मोनिकाने तळवे दाखवले. आले होते.

राळा आहे. तीन वर्षांपूर्वी भागिरथीबाईंनी जीजींकडून मापटंभर आणलेला, तोच दर साली मटकी काढून घेऊन पुन्हा वापरतात. मी विचारलं, कधी खाल्ला नाहीत? म्हणाली, ‘आमच्यात भोगी कुठं आसती वहिनी? खायाला निमित्तच न्हाई. म्हनून ऱ्हायला.’

हे मी गाडीभर मनात घोळवत होते. भोगी करणाऱ्या गावाने राळा खाऊन संपवला आणि भोगी सोडलेल्या घराने तो ठेवला.

कमरेची किल्ली सोडून दिली तिने. अट एकच. ‘राळा तुमचाच हाय, समदा न्या. पर माझी मटकी सांडू नका. राळा काढला की तिला राख भरा, चुलीतली, चांगली चाळून.’ मी म्हटलं, राख मी स्वतः चाळीन. निघताना टोळीतल्या बायकांनी चहा पाजला. पाचटाच्या जाळावरचा चहा, धुराचा वास, पण असा चहा बऱ्याच दिवसांत प्याले नव्हते.

मोनिका माहेरी गेली. अर्धा तासच, पण गेली.

२१ जानेवारी

भीमनगरातल्या घराचं कुलूप काढलं. घुशी लागल्या असतील तर? छपराचं पाणी गेलं असेल तर? मडकं दिसलं, तोंडाला लिंपण, कुठे चीर नाही. शेजारच्या दोघी मुद्दाम साक्षीला उभ्या केल्या. लिंपण फोडलं. आत मटकी आणि मटकीच्या मधे मधे तांबडा राळा! कोरडा खडखडीत, मुठीतून पाण्यासारखा सांडणारा. मोनिका चाळणी धरून बसली, मी मटकी वेचली. एक दाणा सांडू दिला नाही. राख दोनदा चाळली, मटकी भरली, लिंपून टाकली. शेजारीण म्हणाली, ‘यशोधरेला सांगते, ब्येस केलं म्हनून.’

अर्धं काम झालं. उगवतोय का ते पाहायचं. तीन वर्षांचा आहे.

चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेवलाय.

२२ जानेवारी

काही नाही. मोनिका तासातासाला फडकं उघडते. म्हटलं, अगं, अशाने त्याला लाज वाटेल.

२४ जानेवारी

आला! जवळजवळ सगळा आला. प्रत्येक दाण्याला पांढरी शेपटी. मोनिकाने फडकं हातावर घेऊन घरभर दाखवलं, ह्यांना, करणला, गोठ्यात जाऊन म्हशीला सुद्धा. मी देवापुढे साखर ठेवली आणि तीच आम्ही खाल्ली. आज गाढ झोपणार.

१ फेब्रुवारी

जीजी आल्या, ठरल्यापेक्षा आधीच. नणंदेकडे करमेना म्हणे. जाड भिंगाचा चष्मा. अंगणात उतरल्या, माझ्याकडे पाहिलं नि म्हणाल्या, ‘पुष्पा, तुझं केस कवा पिकलं गं?’ दिसतंय म्हणायचं!

चहा झाल्यावर मी छाती घट्ट करून सगळं सांगितलं. मोनिका दाराआड उभी. उतरंडीतला राळा भोगीला कांडला, सगळा खाल्ला, दोष रीतीचा, पोरीचा नाही. म्हटलं, आता आकाशपाताळ एक करतील.

जीजींनी विचारलं, ‘भात कसा झाला हुता?’

मोनिका आतून रडवेल्या आवाजात म्हणाली, ‘जरा वास येत हुता.’

‘येनारच,’ म्हणाल्या. बाकी काही नाही!

यशोधराचा राळा पुढे केला. ओंजळीत घेतला, भिंगाजवळ नेला, दातांत एक दाणा फोडून पाहिला. मग म्हणाल्या, ‘परात आन. आन् माती आन, घटाला आनती तसली काळी.’ मी म्हटलं, आता फेब्रुवारीत कसला घट? ‘तू आन.’

देवघरात, दसऱ्याला जिथे घट होता त्याच कोपऱ्यात परात ठेवली. राळा पेरला, पाणी शिंपडलं. मोनिकाला जवळ बसवलं होतं. ऑपरेशनने माणूस असं मऊ होतं हे माहीत असतं तर दोन वर्षांपूर्वीच बळेच उचलून नेलं असतं.

८ फेब्रुवारी

महेंद्र आले. बी तयार होतं, कापडी पिशवीत. जीजींनी स्वतः दिलं. त्यांनी नाव विचारलं, वाण कोणाचं लिहायचं? जीजी म्हणाल्या, ‘माझ्या आईचा खर्ड्याचा. आन् भागिरथीच्या घरचा. दोन्ही लिवा.’ त्यांनी दोन्ही लिहिलं.

मी आमची भोगीची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, कोठारात ठेवायच्या आधी उगवण पाहतात. पुष्कळदा गावातून बी येतं पण त्यात जीव नसतो, आणि पुन्हा मागायला जावं तर घरात दुसरं नसतं. तिथेच ते वाण संपतं. ‘तुमचं वाचलं.’ जीजी हे ऐकत होत्या, परातीकडे पाहत. परातीत बोटभर हिरवं आलंय, दाट.

फटफटी गेली. मोठ्ठा श्वास सोडला. दिल्लीला तांबडा राळा! यशोधरा आली की तिला पहिली बातमी.

९ फेब्रुवारी

आज जीजींनी मोनिकाला देवघरात बोलावलं. मी दारातच होते. म्हणाल्या, ‘पोरी, रडू नको आता. तू कांडलास तो मेलेला हुता. दिसत न्हवतं मला, हाताला वाळला वाटला म्हनून ओलाच भरला. लिंपण फोडून दसऱ्याच्या घटात ह्याच कोपऱ्यात पेरला, एक कोंब वर आला न्हाई. मेलेल्या बियाला लिंपून काय करू? फडकं बांधलं. टाकवला न्हाई. सांगवलं न्हाई. वाटलं, डोळं आल्यावर एकेक दाना बघीन, एखादा तरी जिता निघंल.’

म्हणजे मोनिकाने भात केला नसता, तर तेच मेलेलं बी निवडून दिल्लीला गेलं असतं. आणि यशोधराच्या दाराशी आम्ही कधी गेलोच नसतो.